पायांसाठी देवळी

माझ्या फॉर्मवर अकरा रकाने आहेत.
पाया किती खोल, भिंत किती जाड,
सांडपाणी कुठे जातं.
ओरेस्ट हाव्रिलुक म्हणाला, पाया नाही, बाई.
चाकं आहेत. बाजाराच्या ढकलगाड्यांची, चार.
एक जरा कुरकुरतं.

एडमंटन, जानेवारी.
नदी वरून दगड, खाली कुठेतरी चालूच.
पुलाखाली तीन पेट्या, ओळीत.
पेट्याच म्हणायचं,
हे मी गाडीतून उतरतानाच ठरवलं होतं.
घर म्हटलं की रकाने वाढतात.

भिंतींना टाकून दिलेले दरवाजे, आडवे.
खाली शाळेच्या व्यायामशाळेतली उपटलेली चटई.
छपराला निवडणुकीचे प्लास्टिकचे फलक, उलटे ठोकलेले.
आत पाठीवर पडलं
की वरून हरलेल्या उमेदवाराचं अर्धं हसू.
खर्च? मी विचारलं.
त्याने खिशातून चुरगळलेली पावती काढली.
बिजागऱ्या, स्क्रू, फोम, कुलूप. दोनशे बारा डॉलर.
सगळ्यात महाग कुलूप.
त्यात काटकसर केली नाही, म्हणाला,
आणि कडी आतूनही आहे, लिहून घ्या.
लिहायला रकाना नव्हता.

तिसरी पेटी लाइल डेझार्लेची.
उंची सहा फूट सात इंच.
पाइपलाइनवर वेल्डर होता, डोळे जाईपर्यंत.
म्हणजे गेले नाहीत पूर्ण,
तुझ्या जॅकेटचा रंग दिसतो मला, म्हणाला,
तू नाही दिसत.

पेटी सहा फुटी. लाकूडच तेवढं मिळालं होतं.
पहिल्या रात्री तो घडी घालून झोपला.
दुसऱ्या रात्री दार उघडं, पाय बाहेर,
पायांवर बर्फ.
तिसऱ्या सकाळी ओरेस्ट करवत घेऊन आला,
मागची भिंत कापली
आणि दीड फुटाचं एक खोकं बाहेर काढून बसवलं,
आतून जुन्या स्वेटरचं अस्तर.
दिवा ठेवायला असते तशी देवळी.
पायांसाठी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत,
हे सांगणाऱ्यांना अंथरूण असतं.
इथे एका म्हाताऱ्याने
आधी पाय मोजले.

मी थर्मामीटर काढला, नियमाप्रमाणे.
बाहेर उणे सत्तावीस.
आत, दार लावून, नुसत्या लाइलच्या श्वासावर,
उणे तीन.
चोवीस अंश. एक माणूस.
मी दोनदा पाहिलं.

मग तो प्रश्न, ज्यासाठी मला पाठवलं होतं.
डिसेंबरात खालच्या वळणावर एक तंबू जळाला.
आत कोण होती ते दातांवरून कळलं.
विस्तव ठेवता का आत? मी विचारलं.
ओरेस्ट बुटांकडे पाहू लागला.
लाइलने उशीखाली हात घातला,
दोन मेणबत्त्या माझ्या हातावर ठेवल्या,
एक अर्धी जळलेली.
घेऊन जा, म्हणाला, मला तसाही उजेड कमीच लागतो.
ऊब लागायची, हे तो बोलला नाही.
मीही नाही.

संध्याकाळी ऑफिसात बसून लिहिलं,
वास्तू: नाही.
वाहन: होय, हाताने ढकलण्याचे. आसनसंख्या: एक.
वाहनाला पाया लागत नाही.
शेरा या रकान्यात लिहिलं,
पायांसाठी जागा पुरेशी.

साहेबांनी त्या ओळीभोवती लाल गोल काढून
फॉर्म परत पाठवला. हे काय, मिस माग्बानुआ?

मार्चमध्ये बर्फ कडाडायला लागला तेव्हा गेले होते.
दोनच पेट्या. तिसरी कुठे, विचारलं,
तर पलीकडच्या बाईने पुलाच्या वर बोट केलं,
तिकडे ढकलत नेली म्हणे, वाहनच ना ते,
कुरकुरत गेली, बराच वेळ ऐकू येत होती.

मेणबत्त्या अजून माझ्या गाडीच्या कप्प्यात आहेत.
उन्हाळ्यात अर्धी वितळून
विम्याच्या कागदांना चिकटली.
सोडवली नाही.